रस्त्याखालचा रस्ता

आमच्या गल्लीतला रस्ता एका पावसाळ्यापूर्वी तीनदा खणला गेला. पहिल्यांदा पाण्यासाठी, दुसऱ्यांदा केबलसाठी, आणि तिसऱ्यांदा, दुसऱ्या खेपेस पहिल्या खेपेची नळी फुटली म्हणून. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याची तक्रार करणेही आता शिळे झाले आहे. आमच्या लक्षात राहिली ती निराळीच गोष्ट. तिसऱ्या वेळी काम अडले तेव्हा मुकादमाने नकाशा मागवला नाही. त्याने चावीवाल्याला निरोप धाडला. पाण्याचे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्यात ज्याची हयात गेली असा तो गृहस्थ सायकलवरून आला, चपलेच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली, 'ही इथून गेलीय, हातभर खाली' एवढे बोलला आणि निघून गेला. नळी तिथेच निघाली. चावीवाला निवृत्तीला टेकलेला होता. तो गेला की ती रेघही त्याच्याबरोबर जाणार, हे मुकादमालाही ठाऊक होते आणि आम्हालाही.

खणण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे ते कसे ओळखावे, या प्रश्नाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. विद्युतचुंबकीय शोधक, रडार, उपग्रह वगैरे. यंत्रे आहेतच, त्यांच्याकडे आम्ही पुढे येऊ. परंतु आमच्या मते हा इतिहास खरे पाहता दफ्तराचा आहे: खालची माहिती कोणी जमवायची, कोणी लिहून ठेवायची, आणि ती चुकली तर कोणाचे नाव पुढे करायचे, याचा. त्याचे सर्वांत बोलके प्रकरण अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये घडले. तिथे जमिनीखाली नळ्या नव्हत्या, केबल तर नव्हत्याच. तिथे काहीच नव्हते, आणि तीच अडचण होती.

पॅरिस हे शहर आपल्याच पोटातून काढलेल्या दगडाने बांधलेले आहे. सेन नदीच्या दक्षिणेला जमिनीखाली चुनखडीच्या उत्तम दगडाचे थर आहेत, आणि उत्तरेला माँमार्त्रच्या टेकडीत जिप्सम आहे. 'प्लास्टर ऑफ पॅरिस' हे नाव त्यावरूनच पडले. रोमन काळापासून लोक हा दगड काढत आले. आरंभी उघड्या खाणी होत्या. पुढे वरची शेती, द्राक्षमळे आणि घरे मोडू नयेत म्हणून विहिरीसारखे बोगदे उतरवून खालच्या खाली दगड तोडला जाऊ लागला. नोत्र-दामचे चर्च, लुव्रचा राजवाडा, सरदारांच्या हवेल्या, सगळ्यांना हा दगड पुरला. पहिल्या पद्धतीत खाणकामगार छत पेलण्यासाठी मूळ खडकाचेच खांब राखत. पुढे हाव वाढली, किंवा हिशेब वाढला म्हणा; मग तोही दगड काढून घेऊन त्याजागी हाताने रचलेले दगडी खांब उभे करायचे आणि मागची पोकळी मातीगोट्यांनी भरून पुढे सरकायचे, अशी रीत आली. खाण संपली की तोंड बुजवले जाई आणि खाणवाला दुसरीकडे जाई. कागद कोणी करीत नसे. पुष्कळ खाणी परवान्याच्या हद्दीबाहेर शेजाऱ्याच्या जमिनीखाली घुसलेल्या असत, त्यामुळे कागद न करण्यात सोयही होती.

त्या काळी या खाणी गावाबाहेर होत्या. मग गाव वाढले. खाण संपून शंभर-दोनशे वर्षे झाल्यावर त्या जागेवर मठ उभे राहिले, मग पेठा, मग चार-चार मजली घरे. खाली साधारण २० मीटरवर एक रिकामे दालन आहे, हे त्या घरात राहणाऱ्याला माहीत असण्याचे काही कारण नव्हते.

रिकामे दालन तसेच स्वस्थ राहत नाही. छताचा एक थर सुटून खाली पडतो. त्याच्या जागी लहानसा घुमट होतो. मग त्या घुमटाचे छत सुटते, आणि पोकळी थराथराने वर चढू लागते. तिला फ्रेंच खाणकामगार 'फोंती' म्हणत. हा प्रवास कित्येक वर्षे चालतो आणि त्याची खबर वर कोणाला लागत नाही. शेवटी पोकळी आणि फरसबंदी यांच्यात चार हात माती उरते. त्यावरून एखादी जड घोडागाडी जाते, किंवा एखादा जोराचा पाऊस होतो, एवढे निमित्त पुरते.

ज्या वर्षी पुण्याच्या गादीला सवाई माधवरावांच्या रूपाने वारस लाभला, त्याच १७७४ सालच्या डिसेंबरात, १७ तारखेस, पॅरिसच्या दक्षिण वेशीजवळ रस्त्याचा मोठा तुकडा असाच खाली गेला. रस्त्याचे नाव र्यू दांफेर. 'आंफेर' म्हणजे नरक. नरक-मार्ग पाताळात गेला, ही कोटी त्यावेळच्या पॅरिसकरांनी सोडली असेल असे वाटत नाही.

राजदरबारने आधी एका वास्तुशास्त्रज्ञाकडून पाहणी करवली. पाहणीतून जे निघाले ते भयंकर होते: हा एका रस्त्याचा प्रश्न नव्हता, शहराचा दक्षिण भाग मोठ्या प्रमाणावर पोकळ होता. तेव्हा ४ एप्रिल १७७७ च्या फर्मानाने खाणींच्या देखरेखीचे एक स्वतंत्र खातेच निर्माण झाले आणि त्यावर शार्ल-आक्सेल गियोमो या वास्तुशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. त्याने सूत्रे हाती घेतली त्याच दिवशी र्यू दांफेरवर आणखी एक पडझड झाली असे सांगतात. पुढच्याच वर्षी, १७७८ मध्ये, मेनिलमोंतां येथे जिप्समच्या एका खाणीच्या छतासह सात माणसे गडप झाली. नव्या खात्याची गरज पटवून देण्यासाठी गियोमोला फार निबंध लिहावे लागले नसतील.

गियोमोपुढचा पेच नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो आजही तसाच आहे. पोकळी भरायला पैसा आणि मजूर लागतात. ते राजाकडे होते. पण भरायची कोणती? नकाशा नाही. खाणींची तोंडे बुजलेली. म्हातारे खाणकामगार सांगतील ते खरे मानायचे, आणि त्यांनी आपल्या आयुष्यात पाहिलेली खाण कुठल्या तरी तीनशे वर्षे जुन्या खाणीवर जाऊन मिळालेली. वरून भोके पाडत बसावे तर भोक पोकळीपासून दोन हातांवरून निघून जाई आणि 'इथे काही नाही' असा खोटा दिलासा देई. नसल्याचा पुरावा मिळवणे हे असल्याचा पुरावा मिळवण्याहून कितीतरी अवघड असते, हे जमिनीच्या बाबतीत विशेषच खरे आहे.

त्याने काढलेला मार्ग साधा आणि अचाट होता. त्याने रस्त्यांच्या खाली रस्ते खणले. वर जो सार्वजनिक रस्ता, त्याच्या बरोबर खाली, दोन्ही बाजूंच्या घरांच्या दर्शनी भिंतींना समांतर, माणूस चालू शकेल असा बोगदा. बोगदा पुढे सरकताना जिथे भरीव खडक लागे तिथे प्रश्न मिटला. जिथे पोकळी लागे तिथे ती पाहायची, मोजायची, खाली दगडी भिंत बांधून छताला टेकू द्यायचा आणि पुढे जायचे. म्हणजे शोध आणि दुरुस्ती ही दोन कामे एकाच खणण्यात उरकत. शिवाय बोगदा तसाच राखल्यामुळे पुढच्या प्रत्येक पिढीला खाली उतरून पाहणी करण्याची वाट कायमची मोकळी राहिली. हळूहळू दक्षिण पॅरिसखाली दुसरे पॅरिस तयार झाले. त्याला घरे नव्हती, माणसे नव्हती. रस्ते तेवढे वरच्यासारखे होते.

आता आमच्या आवडीचा भाग. अंधारात, २० मीटर खाली, आपण नेमके कुठे उभे आहोत हे कसे कळावे? गियोमोच्या माणसांनी खालच्या भिंतींवर वरच्या रस्त्यांची नावे दगडात कोरली. शहराच्या वर सगळीकडे रस्त्याच्या नावाच्या पाट्या लागायला फार वर्षे झाली नव्हती, तोच त्या खालीही गेल्या. आणि प्रत्येक टेकूवर, प्रत्येक भिंतीवर एक छोटा लेख कोरला: '१ जी १७७७' अशा धर्तीचा. म्हणजे त्या वर्षातले पहिले बांधकाम, गियोमोच्या कारकिर्दीतले, साल १७७७. पुढच्या निरीक्षकांनी आपापली आद्याक्षरे चालू ठेवली. आज तिथे उतरणारा माणूस कंदिलाच्या उजेडात भिंत वाचून सांगू शकतो की हा खांब कोणी, कितवा आणि केव्हा बांधला.

आम्हाला हे तंत्रज्ञानापेक्षा मोठे वाटते. जमिनीखालचे काम हे जगातले सर्वांत न दिसणारे काम आहे. चर बुजला, वर डांबर पडले की कंत्राटदार गेला, मुकादम गेला, चूक असली तर तीही गाडली गेली. अशा ठिकाणी, जिथे कोणी पाहणार नाही याची खात्री आहे तिथे, स्वतःचे आद्याक्षर आणि साल कोरून ठेवणे म्हणजे जबाबदारी अंगावर घेणे होय. शिलालेख आपल्याकडेही कमी नाहीत. पण ते दानाचे, विजयाचे, देवळाच्या जीर्णोद्धाराचे. टेकू दिल्याचा शिलालेख आम्ही तरी दुसरा ऐकलेला नाही.

क्रांतीत या पाट्यांवरची राजचिन्हे, ती लिलीची फुले, कोणीतरी खाली उतरून छिन्नीने खरवडून काढली. राजाचा द्वेष वीस मीटर खोल गेला होता, असेच म्हणायचे. रस्त्यांची नावे मात्र राहिली. खुद्द गियोमोला क्रांतीच्या काळात तुरुंगवास घडला. पुढे सुटून तो आपल्या जागेवर परत आला आणि १८०७ मध्ये मरेपर्यंत ते काम पाहत राहिला. शहरातल्या ओसंडणाऱ्या दफनभूमींतली हाडे १७८६ पासून या खाणींत हलवली गेली आणि त्यातून प्रवाशांना आवडणारी ती प्रसिद्ध अस्थिशाळा झाली, तेही याच्याच देखरेखीखाली. तिच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही इथे थांबत नाही. कवट्यांच्या राशी पाहायला लोक रांगा लावतात, आणि वरचे घर ज्या भिंतीवर उभे आहे तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, एवढेच नोंदवून पुढे जातो.

एक कथा मात्र टाळवत नाही. व्हाल-द-ग्रास येथील इस्पितळाचा फिलिबेर आस्पेर नावाचा द्वारपाल १७९३ मध्ये एकटाच खाली उतरला आणि परतला नाही. १८०४ मध्ये, अकरा वर्षांनी, त्याचे अवशेष सापडले. कंबरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यावरून ओळख पटली असे म्हणतात. जिथे सापडला तिथेच त्याचे थडगे आहे. बाहेर पडण्याची वाट तिथून फार दूर नव्हती. दिवा विझला की कोरलेले नावही वाचता येत नाही.

गियोमोच्या व्यवस्थेत एक भोक होते आणि ते त्याने पाडलेले नव्हते. राजाचे खाते राजाच्या जागेखाली, म्हणजे सार्वजनिक रस्ते आणि सरकारी इमारती यांच्याखाली काम करी. खासगी घराच्या खालची पोकळी ही घरमालकाची जबाबदारी. पुढे १८०४ च्या नागरी संहितेने ५५२ व्या कलमात हे तत्त्व सूत्ररूपाने मांडले: जमिनीच्या मालकीत वरचे आणि खालचे दोन्ही येते. रस्ता टेकूवर आणि शेजारचे घर नशिबावर, अशी स्थिती कित्येक वर्षे राहिली. तिच्यावरचा उतारा पुन्हा कागदातूनच आला. मोजण्या जमत गेल्या, एरिकार द त्युरी यांच्यासारखे नंतरचे निरीक्षक त्यांत भर घालत गेले, आणि १८५९ मध्ये यूजेन द फूर्सी याने पॅरिसच्या भूगर्भाचा नकाशासंग्रह छापला. वरचे रस्ते आणि खालच्या खाणी एकाच कागदावर. ते खाते आजही आहे, नकाशे आजही सुधारले जातात, आणि खाणींच्या पट्ट्यात घर बांधायचे तर परवानगीपूर्वी त्याचे मत घेतले जाते. म्हणून धोका संपला असे नव्हे. १ जून १९६१ रोजी पॅरिसच्या नैऋत्येला क्लामार आणि इस्सी या उपनगरांत खडूच्या जुन्या खाणी कोसळल्या आणि २१ माणसे दगावली.

हे वाचताना आम्हाला वारंवार पुण्याचे कात्रजचे नळ आठवत राहिले. गियोमोच्या पाव शतक आधी, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी बांधकामाच्या भूमिगत नळातून शहरातल्या हौदांपर्यंत आणले गेले. या नळावर ठरावीक अंतराने उच्छ्वास बांधलेले असत: हवा बाहेर जावी, आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. जमिनीवर डोके काढलेले उच्छ्वास ओळीने पाहिले की खालून काय आणि कोणत्या दिशेने जाते ते निरक्षरालाही समजे. नकाशा जमिनीवरच काढलेला होता! पुढे नळाचे पाणी आले, हौद निरुपयोगी ठरले, उच्छ्वास बुजले किंवा कोणाच्या तरी परसात गेले, आणि मग तोच नळ इमारतीचा पाया खणणाऱ्यांना 'भुयार सापडले' म्हणून अचानक भेटू लागला. खालची वस्तू हरवलेली नव्हती. वरची खूण हरवली होती.

एकोणिसाव्या शतकाने जमिनीखाली रिकाम्या जागेऐवजी गर्दी केली. पाणी, सांडपाणी, जळाऊ वायू, तार, मग वीज आणि टेलिफोन. शिवाय प्रत्येकाचा मालक वेगळा. पॅरिसने इथेही आपली जुनी सवय सोडली नाही. ब्रुनेसो नावाच्या निरीक्षकाने १८०५ ते १८१२ या काळात शहराची गटारे स्वतः हिंडून मोजली होती (ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मुळे हा माणूस अमर झाला), आणि नंतरची प्रशस्त गटारे बांधताना त्यांतूनच पाण्याचे नळ आणि पुढे हवेच्या दाबाने चिठ्ठ्या धाडणाऱ्या नळ्या नेल्या. गटारांतही वरच्या रस्त्यांच्या पाट्या लावल्या. लंडनने १८६० च्या दशकात काही मोजक्या नव्या रस्त्यांखाली नळ्यांसाठी खास भुयारे बांधून पाहिली. बाकी जगाने, त्यात मुंबई आणि पुणे आलेच, सोपा मार्ग धरला: चर खणा, नळी टाका, बुजवा. नकाशे झाले, नाही असे नाही. पण पाण्याचा नकाशा पाण्याच्या कचेरीत, विजेचा विजेच्या, आणि प्रत्येकावरची मापे ज्या कोपऱ्यापासून घेतली तो कोपरा रस्तारुंदीत नाहीसा झालेला.

मग यंत्रे आली. त्यांची जन्मकथा उद्बोधक आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली, ती कुठे ते कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्राहम बेल यांनी धातू जवळ आला की आवाज देणारे उपकरण तयार करून आणले. पण अध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी आवाजाचा घोळ केला. आणि मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजवीकडे आहे, म्हणून त्यांनी उजवीच बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरात गारफील्ड वारले. शोधयंत्रांचा उत्तरकालीन सगळा इतिहास या एका शय्येवर लिहिलेला आहे, असे आम्हाला वाटते: यंत्र तेच सांगते जे त्याला विचारले जाते, आणि शेजारी काय पडले आहे हे आधी माहीत नसेल तर त्याचे उत्तर कळत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेले जर्मन अभियंते गेरहार्ड फिशर यांनी, विमानांना दिशा दाखवणारी रेडिओयंत्रे धातूपाशी चुकतात या निरीक्षणावरून १९३० च्या दशकात जमिनीतील धातू शोधणारे यंत्र बनवले. आजची केबल शोधणारी यंत्रे तत्त्वतः त्याच कुळातली: वाहिनीत विद्युतप्रवाह असला किंवा सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र उमटते, ते वरून चाचपायचे. प्लास्टिकची नळी त्याला दिसत नाही. तिच्याबरोबर धातूची तार पुरली असेल तरच सापडते. म्हणजे यंत्र चालावे यासाठी पुरणाऱ्यानेच पुढच्या खणणाऱ्याचा विचार केलेला असला पाहिजे. जीपीआर या नावाने ओळखले जाणारे रडार जमिनीत लहरी धाडून त्यांचे प्रतिध्वनी टिपते; ते प्लास्टिकही दाखवते आणि पोकळीही. मात्र ओल्या चिकणमातीत त्या लहरी लवकर जिरतात. दख्खनच्या काळ्या मातीत, त्यातून पावसाळ्यात, हे रडार फार खोल पाहू शकत नाही. शेवटी जाणती माणसे अजूनही हातानेच चाचणी खड्डा घेतात. आणि पाणाड्याला हसण्यापूर्वी हेही सांगितले पाहिजे की २०१७ मध्ये एका संशोधिकेने विचारणा केली तेव्हा ब्रिटनच्या १२ पाणीकंपन्यांपैकी १० कंपन्यांनी, आमचे काही कर्मचारी नळ शोधायला अजून वाकड्या काड्या वापरतात, असे कबूल केले होते. आमच्या चावीवाल्याने निदान काडी तरी वापरली नाही.

यंत्र असून, नकाशा असून काय होते याचे उदाहरण बेल्जियममधले आहे. जिस्लांगियें येथील औद्योगिक वसाहतीत ३० जुलै २००४ च्या सकाळी वायुवाहिनी गळत असल्याची वर्दी आली; अग्निशामक दलाचे लोक पोहोचले, आणि थोड्याच वेळात स्फोट झाला. २४ माणसे गेली, त्यांत वर्दीवर आलेले जवानही होते. वाहिनी तिथे आहे हे ज्ञात होते. काही काळापूर्वी त्याच जागेवर बांधकामाच्या एका यंत्राने तिला ओरखडले होते आणि पोलाद पातळ झाले होते. मग वर सपाटी झाली, काम पुढे गेले, आणि वाहिनीतला दाब वाढवला गेला तेव्हा ती जखम उलली. इथे हरवला तो नकाशा नव्हे. हरवली ती एक ओळ: 'आमचे यंत्र आज इथे लागले.' ती कोणी लिहिली नाही. लिहिली असती तर कोणाचे तरी नाव पुढे आले असते.

आपल्याकडचे प्रकरण याहून सौम्य, पण गियोमोच्या त्या भोकाशी थेट जोडलेले आहे. मुंबईला पाणी आणणारा साडेपाच मीटर व्यासाचा, सुमारे १५ किलोमीटर लांबीचा जलबोगदा ठाण्यात एका ठिकाणी बोअर मारताना फुटला. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून ३० दिवस शहरात १५ टक्के पाणीकपात जाहीर करावी लागली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अंधेरीत मेट्रोच्या कामात १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि पश्चिम व पूर्व उपनगरांतल्या अनेक भागांचे नळ कोरडे पडले. यातला दुसरा प्रकार एका सार्वजनिक कामाने दुसऱ्या सार्वजनिक कामाला दिलेला धक्का आहे. तो समन्वयाने टळू शकतो, निदान टळावा. पहिला अधिक गुंतागुंतीचा. बोअर मारणारा आपल्या जागेत मारतो. १८८२ चा सुखाधिकारांचा कायदा जमीनमालकाला आपल्या हद्दीखालचे पाणी घेण्याचा हक्क देतो, जे पाणी ठरलेल्या पात्रातून वाहत नाही त्याचा. दगडातून खोदलेला महापालिकेचा बोगदा हे एक ठरलेले पात्रच, पण ते त्याला दिसणार कसे? वर उच्छ्वास नाही, खांब नाही, पाटी नाही. सुरक्षिततेच्या कारणास्तव बोगद्याची नेमकी वाट सर्वांना सांगताही येत नाही, हेही समजण्यासारखे आहे. पॅरिसमध्ये रस्त्याखाली टेकू होता आणि घराखाली पोकळी. ठाण्यात पोकळीतून एका महानगराचे पाणी वाहत होते, आणि वर एका माणसाला स्वतःसाठी पाणी हवे होते. दोघांचीही गरज खोटी नव्हती.

२२ मार्च २०२३ रोजी, म्हणजे ती पाणीकपात सुरू होण्याच्या नऊ दिवस आधी, केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप सुरू केले. खणणाऱ्याने जागा कळवायची; त्या जागेखाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना संदेश जातो आणि दोघांनी बोलून घ्यायचे, अशी योजना. अमेरिकेत २००७ पासून ८११ या क्रमांकावर हेच काम देशभर चालते. कल्पनेत खोट काढण्याजोगे काही नाही. आमची उत्सुकता निराळी आहे: संदेश गेल्यावर पलीकडे जो माणूस नकाशा उघडेल, त्या नकाशावर काय असेल? चावीवाल्याची ती रेघ त्यावर कोणी चढवली असेल का, आणि चढवली असल्यास खाली सही कोणाची?

पॅरिसमध्ये वरची नावे बदलली. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात बेल्फोरचा किल्ला लढवणाऱ्या कर्नल दांफेर-रोशरो यांच्या सन्मानार्थ नरक-मार्गाला त्यांचे नाव दिले गेले. उच्चार तोच, दांफेर. अर्थ मात्र सोज्वळ झाला. नगरपालिकेच्या कोणा रसिकाला सुचलेली ही श्लेषाची युक्ती पॅरिसकरांना आवडली असावी, कारण ती टिकली. खालच्या बोगद्यात मात्र कोणी पाटी बदलायला उतरले नाही. तिथल्या भिंतींवर अजून जुनीच नावे आहेत, आणि खालून हिंडणाऱ्याला वरचा पत्ता जुळवण्यासाठी दोन शतकांपूर्वीचे पॅरिस पाठ असावे लागते.